जवळचं तत्सम उपाहारगृह

निरोप द्यायला आलेला माणूस घासाघीस करत नाही, हे गुणाजी खडपकरला सहार विमानतळावर दुकान मांडल्या मांडल्या कळलं. लग्नाच्या मांडवात नारळाच्या भावावरून तोंड टाकणारा बाप पोराला मस्कतच्या विमानात बसवायला आला की खिशातून नोट काढतो, पुढे धरतो आणि सुट्टे घ्यायला विसरतो. जाणारा एक असतो. पोचवायला भाड्याच्या टेंपोतून आई, मावश्या, दोन म्हातारे, कडेवरचं मूल आणि ज्याच्या ओळखीने व्हिसा मिळाला तो शेजारी, अशी सगळी वरात येते. शेजारी सगळ्यांत जास्त बोलतो. जाणारा आत गेला की ही मंडळी काचेला नाक लावून तो दिसतो का बघत बसतात. आत यायला तिकीट काढलेलं असतं, बाहेर गेलं तर पुन्हा काढावं लागतं. म्हणून विमान उडेपर्यंत कुणी हलत नाही. त्या अख्ख्या दालनात चहाचं दुकान एक. ते गुणाजीचं.

असं सोन्यासारखं दुकान असून गुणाजीला झोप नव्हती. बापाने जन्मभर गिरणीतलं कँटीन चालवलं, संपात गिरणी बसली तसं कँटीनही बसलं. मग गुणाजीने विमानतळाचं टेंडर भरलं आणि त्यात आकडा असा टाकला की पाकिटं उघडल्यावर बाकीचे ठेकेदार एकमेकांकडे बघून हसले. गुणाजीही हसला. त्याचा हिशेब सरळ होता: दुकान एकच, गिऱ्हाईक कोंडलेलं, भाव आपला. भाडं कितीही असो, ते चहातून उकळून निघेल.

करारातलं अकरावं कलम त्याने सही केल्यावर वाचलं. चहा, कॉफी आणि फराळाचे दर, त्यात लिहिलं होतं, विमानतळाच्या हद्दीबाहेरील सर्वांत जवळच्या तत्सम उपाहारगृहाच्या दरांपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त नसावेत.

विमानतळाच्या व्यापारी खात्याचे अधिकारी चंद्रप्रकाश चौबळ यांनी त्याला ते समजावून सांगितलं. चौबळ गोरे, मऊ बोलणारे, आणि माणसाला नाही म्हणताना त्याच्या खांद्यावर हात ठेवणारे.

"हे बघा खडपकर, आत तुम्ही एकटे. एकट्या दुकानदाराचा भाव कोण ठरवणार? तुम्हीच. मग लोक ओरडणार, पेपरात पत्रं येणार. म्हणून आम्ही बाहेरच्या बाजाराचा हात धरतो."

"बरोबर आहे साहेब," गुणाजी म्हणाला. "पण विमानतळसुद्धा मुंबईत एकटाच आहे ना? माझ्याकडून भाडं घेताना तुम्ही कुणाचा हात धरता?"

चौबळ मनापासून हसले. "तुम्ही विनोदी आहात हं," म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवला. भाडं एक पैशानेही कमी झालं नाही.

तत्सम म्हणजे काय, हेही ठरलेलं होतं. बसायला खुर्ची, पुढे टेबल, कपाखाली बशी आणि भिंतीवर दरांचा बोर्ड. हातगाड्या आणि टपऱ्या तत्सम नव्हत्या. दर एप्रिलात चौबळ स्वतः जीपमधून बाहेर पडत, सर्वांत जवळच्या अशा हॉटेलात बसून एक चहा पीत आणि बोर्डावरचे दर उतरवून घेत. याला खात्यात दर-पाहणी म्हणत. असं सर्वांत जवळचं हॉटेल होतं विमानतळाच्या कुंपणाला पाठ लावून बसलेल्या सहार गावठाणातलं, बॅप्टिस्ट मिस्किटाचं. तीन टेबलं, वरती येशूच्या फोटोपुढे लाल बल्ब, आणि चहा साठ पैसे. म्हणजे गुणाजीचा चहा पंचाहत्तर पैसे, वर एक पैसा नाही. वर्षाअखेर जमाखर्च मांडला तेव्हा गुणाजीला दिसलं की आपण विमानतळाला फुकट चहा पाजायची नोकरी धरली आहे आणि पगार आपणच देतो आहोत.

मग तो बॅप्टिस्टच्या दुकानात जाऊन बसू लागला.

बॅप्टिस्ट साठीचा, दम्याने छाती खोक्यासारखी झालेला. गल्ल्यावर बसायचा, चहा त्याची बायको क्लारा करायची. क्लारा उंच, काळी, कमी बोलणारी. तिचा चहा गुणाजीने पहिल्यांदा घेतला तेव्हा त्याला राग आला. साठ पैशाला एवढा चांगला चहा देणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं.

"अंकल, या खुर्च्या विकता का?" त्याने एके दिवशी विचारलं. "जुना माल आहे. मी चांगला भाव देतो."

"खुर्च्या विकल्या तर गिऱ्हाईक कुठं बसंल?"

"बाकडी टाका. नाहीतर उभ्याने पितील. लोडर लोक आहेत, त्यांना कुठे टेकायचंय?"

बॅप्टिस्ट खोकला, हसला, पुन्हा खोकला. "खडपकर, तू माझ्या बुडाखालची खुर्ची मागतो आणि वर भाव देतो बोलतो. चांगला माणूस हाय तू."

खुर्च्या जमल्या नाहीत तेव्हा गुणाजीने भाव वाढवायचं सुचवलं. साखर महागली, दूध महागलं, रुपया करा. बॅप्टिस्टने हात वर केले. भाव त्याच्या हातात नव्हता. बापाच्या वेळेपासून चहाचा भाव वर्षातून एकदाच, आगेराच्या, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, गावठाणातली माणसं चर्चमधून, त्यांच्या बोलीत देवळातून, बाहेर पडली की अंगणात उभ्याने ठरवत. दुकान गावच्या जागेवर होतं आणि बापाने तसा शब्द दिला होता.

ऑक्टोबरात गुणाजी आगेराला गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाच किलो लाडूंची पेटी. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादाला आणल्या होत्या. त्या वसईच्या कुणा पाव्हण्याकडून आल्या होत्या, कारण सहारची शेतं धावपट्टीखाली जाऊन खूप वर्षं झाली होती. प्रार्थना झाली, लाडू वाटले, आणि गुणाजीने अंगणात महागाईवर भाषण केलं. माणसांनी लाडू खात ऐकून घेतलं. बँडवाला मार्कस म्हणाला, "बॅप्टिस्ट, तुझा वकील चांगला हाय, याला कोर्टात ने." हशा पिकला. शेवटी गावाने पाच पैसे वाढवले.

पाच किलो लाडवांना पाच पैसे. गुणाजीला आत सहा पैसे वाढवता आले, तेही कुणाकडे सुटे नसल्यामुळे कागदावरच राहिले.

त्या रात्री कांदिवलीच्या घरी तो जेवला नाही. बायको रत्नप्रभा मालवणची, नवऱ्याच्या रागाला न भिणारी. तिने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "त्या बायच्या हातचो चाय एवढो बरो, तर तिकाच तुझ्याकडे कामाक ठेय. तुझो चाय सुधारात, आणि तुझी कटकट जायत."

तिच्या मनात चहाच होता. गुणाजीने मात्र झाकलेलं ताट उघडलं आणि पोटभर जेवला.

जानेवारीत तो क्लाराकडे गेला, बॅप्टिस्ट दवाखान्यात गेला असताना. स्टॉलच्या स्वयंपाकघराची मुख्य. पगार दुकानाच्या महिन्याच्या नफ्याच्या दुप्पट. नफा किती ते गुणाजीने दुधाच्या बाटल्या मोजून केव्हाच काढलं होतं. विमानतळाच्या डॉक्टरकडे नवऱ्याला दाखवायची सोय. आणि फोटो लावलेला पास.

क्लाराने पास हा शब्द ऐकला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुमचा स्टॉल कुठं? लोडर बोलतात, जिन्याच्या बाजूला?"

"जिन्याच्या बाजूलाच."

"तिथं आमच्या बापाची तोंडल्यांचा मांडव व्हता," ती म्हणाली. "कुंपण घातल्यापासनं मी आत पाय नाय टाकला."

"आता रोज टाका," गुणाजी म्हणाला. "फक्त एक आहे, क्लाराबाय. विमानतळाचा नियम आहे. पास असणाऱ्याच्या नावावर बाहेर हॉटेलचं लायसन चालत नाही. ते परत करावं लागेल."

असा नियम नव्हता. तो गुणाजीने तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, बशीतला चहा फुंकताना तयार केला. पण विमानतळाला इतके नियम होते की एक जास्त असला तर कुणाला ओळखू येणार? तारेजवळ गाय बांधू नये, छपरावर उंच काही लावू नये, पतंग उडवू नये. गावठाणाने आजवर विमानतळाचा नियम मानलाच होता. विचारायला गेलेल्या कुणाला उत्तर मिळालं नव्हतं.

बॅप्टिस्ट नको म्हणाला. दोन दिवस नको म्हणाला, मग रात्रभर खोकला, आणि तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. लायसन क्लाराच्या नावावर होतं. ती पालिकेच्या वॉर्ड कचेरीत जाऊन ते परत करून आली, आणि दुकानाची फळी ओढून घेतली.

एप्रिलात चौबळांची जीप गावठाणात गेली आणि बंद फळीपुढे थांबली. चौबळांनी खाली न उतरता ती बघितली. मग जीप वळली आणि रस्त्याने जाता जाता पुढच्या, खुर्ची-टेबल-बशी-बोर्ड असलेल्या पहिल्या जागेपाशी थांबली. ती जागा म्हणजे सहार रोडवरचं पंचतारांकित हॉटेल. चौबळांनी तिथे चहा घेतला. दहा रुपये. बिस्किटं वेगळी.

"साहेब, ते तत्सम होतं?" गुणाजीने भोळेपणाने विचारलं.

"खुर्ची आहे, टेबल आहे, बशी आहे," चौबळ म्हणाले. "बोर्ड नाही, पण मेन्यूकार्ड आहे. नियमात बसतं." त्यांनी गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बारा रुपये पन्नास पैशांपर्यंत जाऊ शकता. जाऊ नका. लोक बघतात."

गुणाजीने पाच केले. आपल्या दयेचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं.

पहिले काही दिवस माणसं बोर्ड बघून मागे सरत. पण विमान उशिरा असे, मूल रडत असे, म्हाताऱ्याला चक्कर येत असे. मग येत. एक चहा घेत आणि चार बश्यांत ओतून पीत. देवगडची एक बाई मुलाला शेवटचा चहा आपल्या हाताने पाजायचा म्हणून एकच कप घेऊन गेली आणि मुलगा आत गेल्यावर उरलेला अर्धा तिने धाकट्या बहिणीला दिला. गुणाजीने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या बशीला आठ आणे लावले. त्याला बश्यांचा राग नव्हता. जे वापरलं जातं त्याचे पैसे न घेणं त्याला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटे.

मे संपेपर्यंत त्याला आणखी एक गोष्ट उमगली. क्लाराचा चहा चांगला होता, आणि चांगल्या चहाला दूध लागतं.

"निम्मं पाणी घाला," त्याने सांगितलं.

"मंग त्याला चहा कोण बोलंल?"

"कुणी बोलायची गरज काय? हे लोक उद्या काय माझ्याकडे परत येणार आहेत? आणि आले तर दुसरीकडे जातील कुठे?"

क्लारा पाणी घालेना. पहिल्यांदा तिने न ऐकल्यासारखं केलं, दुसऱ्यांदा पातेलं उतरवून ठेवलं. गुणाजीने चहाला दुसरा माणूस लावला आणि तिला कप धुवायला मोरीवर बसवलं. पगारही मोरीचा केला. पास तोच होता. त्यावर हुद्दा लिहिलेला नसतो. ती सोडून गेली असती, पण दुकान बंद होतं, औषधं रोज लागत होती, आणि गुणाजीला हे तिच्याइतकंच माहीत होतं.

ऑगस्टात एका दुपारी दुबईचं विमान रखडलं. दालनात उभं राहायला जागा नव्हती. बोर्डावर पाच रुपये असूनही रांग लागली होती; गुणाजीचा हात गल्ल्यातून वर यायला तयार नव्हता. फोन वाजला. मुख्य दरवाजावरच्या पहारेकऱ्याने जोडून दिलेला. पलीकडे ल्युसी, क्लाराची भाची, गावठाणातली.

"शेट, मावशीला पाठवा. अंकलला लय दम लागलाय. निळा पडलाय."

"पाठवतो," गुणाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

मोरीवर कपांचा डोंगर होता. दम्याचा माणूस आठवड्यातून एकदा निळा पडतोच, त्याने मनात म्हटलं. औषध घेतो आणि पुन्हा गोरा होतो. कप संपले तर रांग थांबते, रांग थांबली तर माणसं पाणी पिऊन भागवतात. विमान लागलं, दालन रिकामं झालं, गुणाजीने गल्ला बांधला, आणि मग मोरीकडे जाऊन म्हणाला, "क्लाराबाय, घरून फोन होता बहुतेक. जाऊन या."

ती गेली तेव्हा बॅप्टिस्टला झाकून ठेवलं होतं.

गुणाजी मातीला गेला. चांगला मोठा हार नेला. कबरस्तानाच्या फाटकाशी ल्युसी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, लहान चणीची, डोळे सुजलेले.

"शेट, मी फोन केला तेव्हा तुम्ही पाठवतो बोलले ना?"

"लाईन खराब होती गं. अर्धं ऐकूच आलं नाही."

क्लारा बाजूलाच होती. तिने मान वळवून गुणाजीकडे बघितलं, फार वेळ नाही, एखादा कप स्वच्छ झाला की नाही बघावं तितका वेळ. संध्याकाळी स्टॉलवर येऊन गुणाजीने हाराचे पैसे कामगार-कल्याण या सदरात घातले, आणि क्लारा पुन्हा कामावर आली नाही तेव्हा नोटिशीचा पगार वाचला म्हणून तोही जमेला धरला.

पुढच्या फेब्रुवारीत कराराची तीन वर्षं संपत आली. गुणाजी काजूकतलीचा डबा घेऊन चौबळांकडे गेला. करारात होतं की खात्याची इच्छा असेल तर आणखी दोन वर्षं वाढ मिळेल. खात्याच्या इच्छेला तो गेल्या तीन दिवाळ्या डबे पोचवत होता.

"खडपकर, तुमचे आभार मानावे तितके थोडे," चौबळ म्हणाले. "त्या जागेची खरी किंमत आम्हाला तुमच्यामुळे कळली."

गुणाजी हसला. मग त्याला कळलं की चौबळ हसत नाहीत.

"पंचाहत्तर पैशांच्या चहाची जागा होती तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता बारा रुपयांपर्यंत दर लावता येतो म्हटल्यावर सहार रोडच्या त्या हॉटेलवाल्यांनी स्वतः पत्र पाठवलंय. आम्हाला भाडं दिसत असताना मी वाढ कशी देऊ? वरचे मला विचारतील. नवीन टेंडर निघेल. तुम्हीही भरा की."

"साहेब, त्यांच्यापुढे मी काय भरणार?"

"ते खरं," चौबळ म्हणाले, आणि उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेंडर उघडायच्या आधी दर-पाहणी होईल. बोली लावणाऱ्यांना कळायला हवं ना, किती दर लावता येईल ते."

गुणाजी जिन्यापर्यंत पोचेतो त्याचं डोकं पुन्हा चालू झालं होतं. हॉटेलवाल्यांना दालन नको होतं, बारा रुपये हवे होते. पाहणीच्या दिवशी सर्वांत जवळ पासष्ट पैशांचा चहा सापडला, की वरची हद्द ऐंशी-एक्याऐंशी पैसे. ऐंशी पैशांच्या चहासाठी ते झुंबरवाले कशाला वाकतील? माघार घेतील. जागा पुन्हा गुणाजीच्या गळ्यात पडेल, आणि या खेपेला भाडंही तो सांगेल ते. एकदा सही झाली, की मिस्किटाचं दुकान पुन्हा बंद कसं करायचं ते त्याला येतच होतं.

त्याच संध्याकाळी तो क्लाराच्या दारात उभा राहिला. ती दारातल्या दगडावर बसून बोंबील साफ करत होती. त्याला बस म्हणाली नाही.

"क्लाराबाय, झालं गेलं ते झालं. दुकान उघडा. लायसनचा खर्च माझा, माणूस माझ्या ओळखीचा आहे वॉर्डात, आठवड्यात काढून देतो. दूध, साखर, गॅस, सगळं मी भरतो. तुम्ही फक्त चहा करायचा. जुन्या भावाने."

"कसाला?"

"अंकलची आठवण म्हणून."

क्लाराने एका बोंबलाचं डोकं काढलं. मग दुसऱ्याचं.

"खडपकर, खोटं बोलायला आला तर मी उठून आत जाते."

म्हणून गुणाजीने खरं सांगितलं. धंद्यात खरंही कधी कधी खपतं, हे त्याला माहीत होतं. टेंडर, हॉटेल, पाहणी, पासष्ट पैसे. आपल्या हातातून जागा गेली तर तीन वर्षं भरलेलं भाडं पाण्यात गेलं, कांदिवलीच्या घराचे हप्ते याच दुकानावर चालतात, तेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खरोखरच कापला.

क्लाराने सगळं ऐकलं. "पावणी कधी हाय?"

"पाहणी. पंधरवड्याने, मंगळवारी."

"खुर्च्यांना पॉलिश लागंल. कप नवे. बोर्ड मी रंगवून घेते, मार्कसचा पोरगा रंगवतो. तुमचा पेंटर नको."

"तुम्ही म्हणाल तसं."

तिने आणखी चार गोष्टी मागितल्या. गुणाजीने घासाघीस केली नाही.

मंगळवारी तो चौबळांबरोबर जीपमध्ये बसूनच गावठाणात शिरला. फळी उघडी होती. खुर्च्या चकाकत होत्या, लाल बल्ब लागला होता, आणि तिन्ही टेबलांवर लोडर, मार्कस आणि त्याचे बँडवाले दाटीवाटीने बसून चहा पीत होते. गुणाजीच्या पैशाच्या दुधाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. दुकान चालू आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. गुणाजी अभिमानाने खाली उतरला आणि मग भिंतीकडे बघितलं.

नवा बोर्ड हिरव्या रंगात, ठळक अक्षरांत होता. चहा, बारा रुपये.

"चुकलंय साहेब," गुणाजी घाईने म्हणाला. "पोराने रंगवलाय. पासष्ट पैसे आहेत. क्लाराबाय, सांगा साहेबांना."

क्लाराने चौबळांपुढे कप ठेवला, खाली बशी. "बोर्डवर हाय तोच भाव."

"बारा रुपये इथे कोण देतं?" चौबळांनी विचारलं, पण रागाने नाही, त्यांच्या आवाजात एक प्रकारचं कुतूहल होतं. त्यांनी शेजारच्या मार्कसकडे बघितलं. "तुमच्याकडून किती घेतात?"

"बोर्ड वाचा की साहेब," मार्कस म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "जरा महाग हाय. पण बसायला खुर्ची हाय ना."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने खिसा चाचपून सुस्कारा टाकला. आपण फुकटचा तिसरा कप पितो आहोत, हे त्यांच्यातल्या कुणाच्याही तोंडावर दिसलं नाही.

"साहेब, हे सगळं खोटं आहे. ही सगळी मिळून..."

"खडपकर, मी काय बघायचं असतं?" चौबळ शांतपणे म्हणाले. "खुर्ची, टेबल, बशी, बोर्ड. गिऱ्हाईक काय देतं हे विचारायचं कलमात नाही, तरी मी विचारलं. सर्वांत जवळचं आहे, तत्सम आहे." त्यांनी चहा संपवला, जरा थांबून कपाच्या तळाशी बघितलं. "आणि खरं सांगू? चहा त्या हॉटेलपेक्षा चांगला आहे." वहीत त्यांनी बारा लिहिले, त्यावर पंचवीस टक्के, पंधरा. खात्याला आता पंधरा रुपयांची जागा विकायची होती. त्यांना हे दुकान आवडलं होतं.

ते जीपकडे निघाले तेव्हा क्लारा आड आली.

"साहेब, पैसे."

चौबळ क्षणभर गोंधळले. इतक्या वर्षांच्या पाहण्यांत हे कुणी मागितलं नव्हतं. मग त्यांनी गुणाजीकडे बघितलं, आणि गुणाजीने सवयीने पाकीट काढलं. बारा रुपये मोजले. क्लाराने ते घेतले, दिव्याशी धरून नोट बघितली, आणि आत गेली.

जागा त्या हॉटेलला गेली. महिनाभरात गुणाजीच्या फळ्या, कपाट आणि मोरी टेंपोत भरून बाहेर आली. पास दरवाजावरच काढून घेतला. क्लाराच्या दुकानातला बोर्ड दुसऱ्याच दिवशी उतरला आणि चहा पुन्हा पासष्ट पैशांवर आला, ही बातमी गुणाजीला कळली, तशी तो चौबळांकडे धावला. चौबळांनी सांगितलं की यंदाची पाहणी झाली, पुढची आता पुढल्या वर्षीच्या एप्रिलात.

कांदिवलीच्या घराचे हप्ते चुकले तसं ते घर विकून खडपकर चारकोपच्या एका खोलीत राहायला गेले. तिथे गुणाजी शेजारपाजाऱ्यांना, दुधवाल्याला, रत्नप्रभाच्या भावाला, ज्याला वेळ असेल त्याला ही गोष्ट सांगे. त्याच्या मते हॉटेलवाल्यांनी त्या बाईला फोडली होती. पैसा पोचवला होता, त्याशिवाय कोण असं करतं? रत्नप्रभाने एकदा फक्त विचारलं, "त्या दिवशी फोन इललो तेवा तू तिका कित्या पाठवलंस नाय?" गुणाजीने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने दुसऱ्याच कुणाची गोष्ट मध्ये आणली. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की हॉटेलवाल्यांनी तिला किती दिले. आकडा कळला असता तर तो शांत झोपला असता.